गिऱ्हाईक शहाणे होते कसे?



खरेदी शहाणपणाने कशी करावी, हा विषय संघटनेच्या माणसाकडे सोपविला याचे काहींना नवल वाटेल. आमचा उद्योग पगारवाढ मागण्याचा; मिळालेला पगार कसा खर्चावा हे सांगण्याचा अधिकार आम्हाला कोणी दिला? परंतु हमाल, जिनिंगमधले मजूर आणि ऊसतोडीला जाणारी माणसे यांच्यात आयुष्य गेल्यावर माझे असे मत झाले आहे की, कष्टकऱ्याची मजुरी दोनदा ठरते. एकदा मालकाच्या दारात आणि दुसऱ्यांदा दुकानाच्या फळीवर. पहिल्या ठिकाणी आम्ही शंभर जण झेंडा घेऊन जातो. दुसऱ्या ठिकाणी घरची बाई रिकामी पिशवी घेऊन एकटी जाते, आणि पहिल्या ठिकाणी भांडून मिळविलेले पुष्कळदा तिथे गळून जाते.

शहाणे गिऱ्हाईक म्हटले की चार दुकाने हिंडणारे, डाळीचा दाणा दाताखाली धरून पाहणारे, घासाघीस करणारे माणूस डोळ्यांपुढे येते. ही हुशारी आपल्या आयाबायांत कधीच कमी नव्हती. मग ती वाया का जात असे? या प्रश्नाने मला इतिहास वाचायला लावले. म्हणून आज उपदेश बाजूला ठेवून इतिहासच सांगतो, आणि सुरुवात माझ्या ओळखीच्या एका कोपऱ्यापासून करतो.

धावडा हे गाव भोकरदन तालुक्याच्या उत्तर कडेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळ आहे. इथून बुलढाण्याकडे निघाले की थोड्याच वेळात जिल्ह्याची हद्द ओलांडली जाते. आज ती हद्द रस्त्याकडेच्या पाटीपुरती उरली आहे. १९४८ पूर्वी मात्र अलीकडे निजामाचे हैद्राबाद संस्थान आणि पलीकडे इंग्रजी अमलातले वऱ्हाड, अशी ती दोन राज्यांची सीमा होती. वऱ्हाडही मूळचे निजामाचेच. १८५३ साली त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली कर्झनसाहेबाने ते कायमच्या पट्ट्याने घेतले. त्यामुळे डोंगर एक, बोली एक, सोयरीकही एकमेकांत, आणि बाजार मात्र दोन.

दोन बाजार म्हणजे दोन नाणी. हैद्राबादचा रुपया तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. सात हालीला सहा कलदार असा हिशेब होता. कागदोपत्री शंभर कलदार म्हणजे एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. आता पाहा. कलदार दहा आण्यांची वस्तू हाली पैशात अकरा आणे आठ पैला पडायला हवी. हे त्रैराशिक झाले. अक्षरओळख नसलेल्या बाईला दुकानदाराने सरळ ‘बारा आणे’ म्हटले, तर भरल्या बाजारात तिने ते कुठल्या पाटीवर सोडवायचे? चार पै गेल्या. वर पुन्हा करोडगिरीची नाकी होती. करोडगिरी म्हणजे संस्थानची जकात. माल हद्दीत आला की तिचा भार किमतीत चढे, आणि किती चढला हे दुकानदार सांगेल तेच खरे मानावे लागे. संस्थान विलीन झाले, पुढे १९५० च्या दशकात हाली चलनातून गेली, आणि या भागातल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावरचा एक मोठा हिशेब उतरला. हैद्राबाद मुक्तीचा इतिहास सांगताना आपण रझाकारांविषयी, हुतात्म्यांविषयी बोलतो, तसे बोललेच पाहिजे. परंतु बाजाराला जाणाऱ्या बाईची या त्रैराशिकातून झालेली सुटका कोणी सांगत नाही, म्हणून मी ती इथे मुद्दाम सांगितली.

नाण्यासारखीच गोष्ट मापाची. आपल्याकडे धान्य वजनाने नव्हे, मापाने विकले जाई. चार शेरांची पायली, कुठे बारा तर कुठे सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. हे कोष्टक पाठ असणारे म्हातारे मी पाहिले आहेत. पण कोष्टक पाठ असून भागत नसे. कारण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीएवढी असेलच असे नाही. शिवाय माप शीग लावून भरायचे की काठाशी सपाट करायचे, यावर सारा खेळ. देणेकरी धान्य आणून घाली तेव्हा शीग चढे. तेच धान्य पावसाळ्यात विकत किंवा सवाई-दिढीने घ्यायला तो येई तेव्हा मापावरून हात फिरे. सावकाराच्या घरी घेण्याची पायली निराळी आणि देण्याची निराळी असते, हे गाऱ्हाणे महाराष्ट्रात ऐकू आले नाही असा प्रांत नसेल. मापात पाप हा शब्दप्रयोग काही हवेतून आलेला नाही. राज्यकर्त्यांनाही हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनामापांवर देखरेख करणारा पौतवाध्यक्ष नावाचा अधिकारीच सांगितला आहे आणि खोट्या मापाला दंडही.

सबंध देशाला एक माप मिळायला मात्र १९५६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी वजनमापांचा कायदा झाला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि १९५८ पासून चार-पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो आला. आरंभी या फेरफारात गिऱ्हाइकाला फटकाच बसला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे; आता हा पाव पैसा कोणी कोणाला द्यायचा? अर्थात तो देणाऱ्याच्या खिशातून गेला. तथापि हे हाल काही वर्षांचे होते. छाप मारलेले किलोचे वजन धावड्याच्या दुकानात आणि मुंबईच्या दुकानात सारखे झाले, त्या दिवसापासून ‘तिथे स्वस्त की इथे’ हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ आला. त्याआधी भावांची तुलना करा असे कोणाला सांगणे ही थट्टाच झाली असती.

इथवर सोपे होते. माप सरकारने दिले, नाणे सरकारने दिले. तिसरी गोष्ट सरकारला देता येण्यासारखी नव्हती, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. ती म्हणजे उधारी.

उधारीवर घेणारा माणूस भाव विचारीत नाही, त्याला विचारताच येत नाही. माल किडका आहे म्हणून परत करीत नाही. दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, कारण पहिल्या दुकानाची वही त्याच्या पायात असते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले आणि दंगा पुणे व नगर जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत पसरला. त्या उठावातली लक्षात ठेवण्यासारखी बाब ही की, लोकांचा रोख सावकाराच्या जिवावर नसून कागदांवर होता. खते मिळाली, जाळली, की पुष्कळ ठिकाणी जमाव शांत होई. सावकार आणि दुकानदार ही पुष्कळदा एकच असामी असे: तोच कापड-मीठ देई, तोच वहीत लिही, तोच पीक मोजून घेई. या उठावामुळे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. त्यात शेतकऱ्याला पावती मागण्याचा, वर्षाचा हिशेब लिहून मागण्याचा आणि खातेपुस्तकाचा हक्क दिला होता. पावतीचा हक्क दंगा करून मिळवावा लागला, हे आजच्या पोरांना खरे वाटणार नाही. (व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर असल्यामुळे जाता जाता सांगतो: न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेही १८७५ सालच.)

शहरात गिरण्या निघाल्या तेव्हा हीच वही कामगाराच्या मागे चाळीत आली. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्याला हाती पडे. कोकणातून, घाटावरून आलेला नवा माणूस पहिला पगार पाहीपर्यंत दीड महिना कशावर जगणार? वाण्याच्या उधारीवर, खानावळवालीच्या विश्वासावर, नाहीतर पठाणाच्या व्याजावर. म्हणजे कामगार कर्जात पडण्यासाठी दारू किंवा लग्न लागतच नव्हते. पगाराची तारीखच त्याला कर्जात ढकलीत होती. १९३१ साली व्हिटले आयोगाने आपला अहवाल दिला. त्यात म्हटले आहे की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत दोनतृतीयांशांहून कमी नाहीत इतकी कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या मजुरीहून अधिक आहे. त्यानंतर १९३६ चा वेतन कायदा आला. हजारांच्या आत कामगार असतील तर पगार सात दिवसांत, अधिक असतील तर दहा दिवसांत द्यावा, आणि तो चलनी नाण्यांत वा नोटांत द्यावा, असे त्याने सांगितले. या कायद्याकडे लोक पगाराचा कायदा म्हणून पाहतात. मी त्याला गिऱ्हाइकाचाही कायदा म्हणतो. वेळेवर आणि रोख पैसा हातात आल्याशिवाय बाजारात निवड करता येत नाही.

नाण्यातच पगार द्यावा, हे कायद्यात लिहिण्याची वेळ का आली, हे पाहायचे तर इंग्लंडात जावे लागते. तिथे कारखानदार मजुरीऐवजी आपल्याच दुकानाच्या चिठ्ठ्या देत आणि त्या दुकानात भेसळीचा माल चढ्या भावाने गळ्यात मारीत. १८३१ साली त्याविरुद्ध कायदा झाला. तरी गरिबांची उधारी सुटली नाही. ती सोडविण्याची वाट गरिबांनीच काढली. रॉचडेल नावाच्या गिरणीगावात विणकर आणि इतर कारागीर अशा अठ्ठावीस जणांनी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकून अठ्ठावीस पौंड जमविले आणि २१ डिसेंबर १८४४ च्या संध्याकाळी एका बोळात दुकान उघडले. माल काय? पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ आणि थोड्या मेणबत्त्या. गावातली पोरे आणि दुकानदार हसले. त्यांचे नियम असे: माल शुद्ध, माप पुरे, नफा ज्याच्या-त्याच्या खरेदीच्या प्रमाणात वाटायचा आणि उधारी मुळीच द्यायची नाही. शेवटचा नियम फार कडू होता. ज्यांच्यासाठी दुकान काढले त्यांनाच रोख पैसे आणणे जमत नव्हते. पण ते दुकान टिकले ते त्याच नियमामुळे.

हे लोण आपल्याकडे मद्रासमार्गे आले. १९०४ साली तिथे ट्रिप्लिकेन येथे ग्राहकांची सहकारी संस्था निघाली. मुंबईत नायगावच्या गिरणगावात १९४८ साली सुरू झालेल्या कामगारांच्या ग्राहक संस्थेतून पुढे ‘अपना बाजार’ उभा राहिला. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने १९७४ साली ‘कष्टाची भाकर’ काढली. पाठीवर पोती वाहणाऱ्याला परवडेल अशा दरात पोटभर अन्न देणे हे संघटनेचे काम आहे, असे तिने मानले. आमच्या कित्येक पुढाऱ्यांना हे तेव्हा क्रांतीपासून भरकटणे वाटले. मला ते तसे वाटत नाही. खेड्यापाड्यांतली अनेक सहकारी दुकाने मात्र बुडाली, आणि ती कशाने बुडाली हे मी जवळून पाहिले आहे: संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांच्या उधारीने.

उधारीविषयी इतके कडक बोलल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. ते पहिले कित्येक महिने तग धरून राहिले, त्याला गावाकडून आलेल्या धान्याइतकाच गिरणगावातल्या किराणा दुकानदारांच्या उधारीचाही आधार होता. त्यातली कितीतरी उधारी परत मिळाली नसेल. दुकानदाराला सरसकट वैरी मानणारी संघटना मला म्हणूनच आंधळी वाटते. वहीत माया असते आणि फासही असतो. कोणत्या वेळी काय, हे घेणाऱ्याच्या हातात नसते, एवढीच माझी तक्रार आहे.

आता थोडे आकड्यांविषयी. मुंबई सरकारने पहिल्या महायुद्धानंतर कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक काढायला सुरुवात केली, आणि पुढे महागाई भत्ता त्याला बांधला गेला. म्हणजे बाईने दुकानात काय भाव दिला यावर गड्याचा भत्ता ठरू लागला. १९६० नंतर असे दिसू लागले की पिशवीतला भाव चढतो आहे आणि सरकारी आकडा मात्र मागे रेंगाळतो आहे. कामगारांनी आवाज उठविला; २० ऑगस्ट १९६३ ला मुंबई बंद झाली. सरकारने अर्थशास्त्रज्ञ लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि निर्देशांक सदोष असून तो वाढवून धरला पाहिजे असे त्या समितीने सांगितले. घरखर्चाचा हिशेब ठेवणाऱ्या बाया बरोबर होत्या आणि कचेरीतला तक्ता चूक होता. रोजची खरेदी लिहून ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याने लाल मिलो खाल्ला, खडी फोडली. त्याच वर्षी मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, तारा रेड्डी, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांच्या बायका महागाई प्रतिकार समितीत एकत्र आल्या आणि हातात लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. त्या मंत्र्यांना जाब विचारीत, साठेबाजांच्या दारात जात. तेल आणि रॉकेल ही त्या वेळी राजकारणाची भाषा झाली होती. दुसरी वाट बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यातून ग्राहक पंचायतीच्या रूपाने १९७४ साली दाखविली. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत निघाली. संगीतकार सुधीर फडके या कामात पुढे होते. या मंडळींनी दहा-वीस कुटुंबांचे संघ केले, महिन्याची यादी एकत्र केली, घाऊक बाजारातून माल आणून आपणच वाटून घेतला. बाईची पिशवी आता एकटी राहिली नाही. चळवळीचा हा सारा रेटा १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामागे होता. त्या कायद्याने जिल्ह्याजिल्ह्याला ग्राहकाचे न्यायपीठ दिले. २०१९ च्या नव्या कायद्याने, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार लावण्याची सोय झाली. किंमत पाच लाखांच्या आत असेल तर फी नाही. धावड्याच्या माणसाला पुण्या-मुंबईच्या कंपनीविरुद्ध जालन्यातच दाद मागता येते.

पाकिटावरची किंमतही अशीच टप्प्याने आली. १९७७ च्या नियमांनी पाकिटावर वजन, महिना, किंमत छापणे भाग पाडले. पण ‘स्थानिक कर वेगळे’ या शब्दांच्या आड दुकानदार हवे ते मागे. १९९० साली सर्व करांसह कमाल किंमत छापण्याचा नियम झाला. आता गंमत अशी की, किंमत छापली गेल्यावर कंपन्यांनी जुन्या पायलीची शीग शोधून काढली. पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांचाच राहतो आणि आतला ऐवज दरसाल थोडा थोडा उतरतो. भाव वाचणारे गिऱ्हाईक आता तयार झाले आहे, वजन वाचणारे अजून व्हायचे आहे. अलीकडे ग्रॅमचा किंवा किलोचा दर छापण्याचाही नियम आला आहे. तो कोपऱ्यात बारीक अक्षरांत असतो, चष्मा लावून पाहावा.

शेवटी आपल्या जिल्ह्याच्या मालाकडे वळतो. तेल-मिठाच्या खरेदीत चूक झाली तर महिना बिघडतो, बियाण्याच्या खरेदीत चूक झाली तर वर्ष बुडते. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको कंपनी काढली, आणि मार्च २००२ मध्ये देशात परवानगी मिळालेले पहिले बीटी कापूसबियाणे हे त्याच कंपनीचे होते. सुरुवातीच्या हंगामांत ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुमारे १६०० रुपये पडत आणि त्यातला मोठा हिस्सा तंत्रज्ञानाच्या स्वामित्वापोटी जाई. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगापुढे तक्रार नेली आणि २००६ साली पाकीट ७५० रुपयांवर आले. मग इतर राज्यांतही भाव उतरला. २०१६ पासून केंद्र सरकार दर ठरवू लागले, तेव्हा बीजी-दोनचा भाव ८०० रुपये धरला होता. धावड्याच्या, वालसावंगीच्या एखाद्या कापूसवाल्याने दुकानात दिवसभर घासाघीस केली असती तरी त्याला पन्नास रुपयेसुद्धा सुटले नसते.

बियाणे उगवले नाही तर? १६ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आंध्रच्या शेतकऱ्यांच्या खटल्यात निकाल दिला. शेतकरी बियाणे धंद्यासाठी घेतो म्हणून तो ग्राहक नव्हे, हे म्हणणे न्यायालयाने फेटाळले. प्रयोगशाळेत तपासायला नमुना कुठे आहे, या आक्षेपावर न्यायालयाने म्हटले की, सारे बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याकडून नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा धरता येत नाही. इतका चांगला निकाल फार थोड्या लोकांच्या उपयोगी पडतो आहे. कारण तक्रारीला पक्के बिल लागते, बिलावर वाण, लॉट नंबर आणि दुकानदाराची सही लागते. आणि आपल्याकडे जूनमध्ये बी-खत उधारीवर उचलले जाते. उधारीला बिल मिळत नाही, वहीत ओळ पडते. मागणीचे वाण छापील भावाच्या वर जाते, युरियाच्या गोणीबरोबर नको असलेली बाटली घ्यावी लागते, आणि तीही त्याच ओळीत बसते. ऑक्टोबरमध्ये कापूस त्याच माणसाच्या काट्यावर जातो. १८७९ च्या कायद्यातला पावतीचा हक्क आणि २०१२ चा निकाल, दोन्ही या एका ओळीपाशी अडतात.

आमच्या ओळखीच्या काही शेतकऱ्यांनी गेल्या दोन हंगामांपासून एक साधे काम चालविले आहे. ऊसतोडीहून परतल्यावर हातात उरलेले पैसे आणि बायकांच्या बचतगटाचे थोडे कर्ज एकत्र करून, अकरा घरांचे बियाणे मे महिन्याच्या शेवटी एकदम आणि रोखीने घेतात. प्रत्येकाच्या नावे वेगळे बिल होते. पेरणी झाल्यावर रिकामी पाकिटे, त्यांवरची लेबले आणि मूठभर बी बिलासकट एका पत्र्याच्या पेटीत ठेवतात. पेटीची किल्ली एका बाईकडे आहे, आणि तिने अद्याप ती कोणाही पुरुषाच्या हाती दिलेली नाही.